काळ्या मोटारीचें तेज

काळ्या रंगाची मोटार विकत घेणें सोपें, पण ती काळी राखणें कठीण. नवी असतांना जिच्या अंगांत आकाश, झाडें व पाहणाराचा चेहरा आरशाप्रमाणें उमटत होता, तीच गाडी दोन वर्षांनीं उन्हांत उभी असली म्हणजे राखाडी भासूं लागते; आणि सूर्याचें प्रतिबिंब जेथें पडतें त्याभोंवतीं कोळ्यानें जाळें विणावें तशा बारीक रेघा दिसतात. मग मालक म्हणतो, कंपनीनें रंग हलका वापरला. घरांतील मंडळी म्हणतात, उन्हानें रंग उडाला. आणि शेवटीं सर्वांचें एकमत होऊन दोष गाडी पुसणाऱ्याच्या माथीं बसतो. ह्या सदरांत आजवर भांडीं, लांकूडसामान व जुनीं पुस्तकें यांच्या निगेविषयीं लिहिलें आहे. आज मोटारीच्या रंगाचा विचार करूं. कारण मध्यम स्थितींतील कुटुंबांत घराच्या खालोखाल किंमतीची वस्तु हल्लीं बहुधा हीच असते, आणि तिच्या निगेंत झालेली हयगय भांड्यांप्रमाणें कल्हई करून भरून काढतां येत नाहीं.

प्रथम हा रंग म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. हल्लींच्या मोटारीचा रंग हा एक थर नसून थरांची उतरंड आहे. पत्र्यावर गंज रोखणारा लेप, त्यावर अस्तर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांवर पाण्यासारखा पारदर्शक लेप, ज्यास कारागीर क्लिअर कोट म्हणतात. आपण जिला झळाळी म्हणतों ती ह्या शेवटच्या लेपाच्या पृष्ठभागाची असते. काळेपणा त्याच्या खालचा. कारखान्यांतून आलेल्या गाडीवर हे सर्व थर मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात, व त्यांत पारदर्शक लेपाचा वांटा ४० ते ५० मायक्रॉनांचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मोटारीचें सारें वैभव एका केंसाहूनहि पातळ पडद्यावर उभें आहे, हें कळून येईल.

आतां, रेघा पांढऱ्या गाडीवरहि पडतात; मग त्या काळ्या गाडीवरच कां दिसाव्या? ज्यानें आयुष्य फळ्यापाशीं घालविलें त्यास ह्याचें उत्तर शोधावें लागत नाहीं. पांढऱ्या भिंतीवर ओढलेली खडूची रेघ जवळ जाऊनहि दिसत नाहीं. काळ्या फळ्यावरची तीच रेघ वर्गाच्या शेवटच्या बांकावरून वाचतां येते. प्रकाश लेपावर सरळ पडला तर त्याचा सुमारें ४ टक्के भाग पृष्ठभागावरूनच परत फिरतो व बाकीचा आंत शिरतो. पांढरा रंग हा आंत शिरलेला प्रकाश चोहोंकडे उधळून परत पाठवितो, आणि त्या लखलखाटांत रेघ हरवून जाते. काळा रंग तो गिळून टाकतो. त्यामुळें काळ्या गाडीवरून डोळ्यांस मिळतो तो केवळ पृष्ठभागाचा प्रकाश. पृष्ठभाग सपाट असेल तर तोच प्रकाश प्रतिबिंब होतो. ओरखडलेला असेल तर तोच विखरून राखाडी धुकें होतो. जाळें वर्तुळाकार दिसतें तेंहि ह्याच न्यायानें. रेघा वास्तविक सर्व दिशांस पसरलेल्या असतात. पण प्रतिबिंबाच्या भोंवतीं ज्या आडव्या येतात तेवढ्याच डोळ्यांकडे प्रकाश फेंकतात. विजेरी हातांत घेऊन पुढेंमागें हलवावी, म्हणजे जाळेंहि तिच्याबरोबर गाडीभर हिंडतांना दिसेल. मुलांस प्रकाशाचा धडा शिकविण्यास ह्याहून स्वस्त प्रयोग नाहीं.

ह्या रेघा पडतात कशानें? ऊन, वारा व पाऊस यांचा त्यांत संबंध थोडा. त्या बहुतांशीं पुसण्यानें पडतात. सडकेच्या धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात. गार ही लेपाहून तर कठीण आहेच, पण साध्या पोलादाहूनहि कठीण आहे. असे कण बसलेल्या गाडीवरून सकाळीं कोरडें फडकें फिरविणें म्हणजे तिला दररोज थोडथोडा कानस लावण्यासारखें आहे. पिसांचा किंवा सुताचा झाडणा वापरला तरी कण ओढलाच जातो.

आमच्या वसाहतींतील एका गृहस्थांनीं ह्याच रेघांवरून गाडी पुसणाऱ्या तरुणाचा अर्धा पगार कापला. तो बिचारा मुकाट्यानें उभा होता. मीं म्हटलें, "आधीं त्याचें फडकें तर पाहूं." फडकें म्हणजे जुन्या बनियनाचा तुकडा होता, आणि सहा गाड्यांस मिळून पाण्याची एकच बादली. सहावी गाडी येईपर्यंत त्या बादलींत पाणी कमी व सडकच अधिक! गृहस्थ म्हणाले, "अहो गुरुजी, रोज पुसतो म्हणून तर मी त्याला पैसे देतों." मीं म्हटलें, "रोज कोरडी पुसतो, हाच तर रोग आहे. आणि तो आपणच ठरवून दिलेला आहे." मग विजेरीनें जाळें हलवून दाखविलें, आणि इतक्या दिशांच्या रेघा एका दिवसाच्या किंवा एका हाताच्या असूं शकत नाहींत, हें त्यांच्या लक्षांत आणून दिलें. गृहस्थ समंजस, त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं पगार पुरा केला, आणि स्वतः बाजारांत जाऊन बादल्या व फडकीं आणलीं.

दोन बादल्या कां, तें सांगतों. एकींत मोटारीचा शांपू घातलेलें पाणी, दुसरींत स्वच्छ पाणी. गाडी सांवलींत उभी करावी व पत्रा हातास थंड लागेपर्यंत थांबावें. प्रथम वरून नुसतें पाणी ओतून सैल धूळ वाहूं द्यावी; ह्या वेळीं हात लावूं नये. नंतर मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा शांपूच्या पाण्यांत बुडवून छपरापासून खालीं उतरावें. छपर व कांचा आधीं, दरवाजे मग, आणि चिखलानें माखलेला खालचा कांठ सर्वांच्या शेवटीं. चाकांस निराळें फडकें ठेवावें. एक भाग धुतला कीं मोजा स्वच्छ पाण्यांत खळबळून काढावा, आणि मगच पुन्हा शांपूंत बुडवावा. हात सरळ रेषेंत फिरवावा व भार मोज्याच्या वजनाइतकाच असावा. शेवटीं स्वच्छ पाणी ओतून, जाड मायक्रोफायबरचा पंचा पसरून पाणी टिपून घ्यावें. बोअरचें पाणी अंगावर वाळूं दिलें तर त्यांतील चुन्याचे पांढरे डाग काळ्या रंगावर उठून दिसतात. ह्या रीतीनें तीन-चार बादल्यांत गाडी स्वच्छ होते. नळीनें पाऊण तास पाणी सोडण्याचें कारण नाहीं.

संस्कृतांत पुसण्याला 'मृज्' असा धातु आहे. मार्जन त्यावरून आलें, केर काढणारी संमार्जनी त्यावरून आली, आणि सदोदित आपलें अंग स्वच्छ करीत बसणारा मार्जार हाहि त्यावरूनच आला, असें वैयाकरण सांगतात. मांजर आपलें अंग कसें चाटतें तें पाहावें. तें ओल्या जिभेनें चाटतें व केंसांच्या कलानें चाटतें. गाडी पुसणारानें गुरु करावा तर हाच.

धुतलेल्या गाडीवर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवींत घालून हळूच फिरवावा. खरखर लागली तर लेपांत डांबर, झाडाचा चीक किंवा लोखंडाची बारीक कीस रुतून बसली आहे असें समजावें. ती काढण्यास बाजारांत मातीची वडी मिळते. तिला क्ले बार म्हणतात. शांपूच्या पाण्यानें पत्रा चांगला भिजवून वडी हलक्या हातानें सरकवावी, व मळली कीं घडी पालटून घ्यावी. जमिनीवर पडलेली वडी मात्र टाकूनच द्यावी. वांचविलेल्या पैशांची शंभर रेघांनीं फेड होते.

येथपर्यंतचें काम मार्जनाचें. ह्यापुढें घर्षण येतें, आणि येथेंच विचार लागतो. पॉलिश म्हणजे तेज लावण्याचें औषध, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः खऱ्या पॉलिशांत अतिशय बारीक कठीण चूर्ण असतें, बहुधा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचें. आणि तें रेघेचे कांठ झिजवून पृष्ठभाग पुन्हा सपाट करतें. रेघ भरून येत नाहीं. तिच्या भोंवतालचा लेप खालीं उतरतो. वाचकांच्या देवघरांत चांदीचे पिढीजात टाक असतील. शंभर वर्षें दर सणास घांसून घांसून देवाचें नाक व डोळे पुसट झालेले असतात, आणि टाक मात्र लखलखीत असतो. ती चांदी कोठें गेली? फडक्यावर गेली. मोटारीच्या लेपाचें तसेंच आहे. भेद इतकाच कीं चांदीचा टाक तीन पिढ्या पुरतो आणि पारदर्शक लेप एका केंसाहूनहि पातळ आहे. सूर्याच्या जंबुपार किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें ह्याच लेपांत असतात. तो फार झिजला म्हणजे पुढें पापुद्रे सुटूं लागतात, व मग पुन्हा रंग देण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

जुन्या वळणाचे लोक म्हणतील, आम्ही तर ॲम्बॅसेडर व फियाट दर दिवाळीस घांसून काढीत असूं. खरें आहे, पण त्या काळच्या गाड्यांवर बहुधा पारदर्शक लेप नसे. रंग स्वतःच वरचा थर असे, उन्हानें तो भुरा पडे, आणि भुरी घांसून काढणें प्राप्तच होतें. शिवाय घांसतांना फडक्यावर गाडीचा रंग उतरे, म्हणून किती झिजलें तें डोळ्यांस दिसे. आतां फडकें स्वच्छच राहतें, आणि झीज दिसत नाहीं म्हणून होत नाहीं असें वाटतें.

म्हणून पॉलिश करावयाचें तें क्वचित्, आणि सौम्यांत सौम्य घेऊन. रेघेवरून नख ओढून पाहावें. नख अडकलें तर ती रेघ खोल आहे, तिच्या नादीं लागूं नये. एरव्हीं स्पंजाच्या चकतीवर वाटाण्याएवढें पॉलिश घेऊन हातभर लांबरुंद जागा एका वेळीं धरावी; सारख्या भारानें प्रथम उभे व मग आडवे हात फिरवावे, आणि निराळ्या स्वच्छ फडक्यानें पुसून विजेरीनें पाहावें. पत्र्याच्या धारांवर व घड्यांवर लेप लवकर झिजतो, तेथें हात आंखडता घ्यावा. यंत्रानें हें काम झपाट्यानें होतें; पण अनाडी हातीं यंत्र गेलें तर एका जागीं रेंगाळून तें लेप तापवितें व कापून काढतें. हातानें सर्व रेघा जात नाहींत, वेळ फार लागतो, खांदे दुखतात. परंतु हात थकतो हाच लेपाच्या दृष्टीनें त्याचा मोठा गुण आहे. कांहीं द्रव्यें रेघ न झिजवितां तिच्यांत तेलकट पदार्थ भरून ती लपवितात. दोन-चार धुण्यांत तीं वाहून जातात व रेघा पुन्हा दिसूं लागतात. तीं वाईट नव्हत. पण रंग सुधारला असें मात्र समजूं नये.

पॉलिश झाल्यावर मेण. मोटारीच्या मेणांत नांवाजलेलें तें कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्य भागांत होणाऱ्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर तें जमतें. तेथील कडक उन्हाळ्यांत पानांतील ओल उडून जाऊं नये म्हणून झाडानें केलेली ही तजवीज आहे. तें ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतें, म्हणजे मधमाशीच्या मेणापेक्षां बरेंच उशिरां. मेणाचा थर दिसेल न दिसेल इतका पातळ लावावा, धुरकट झाला म्हणजे पुसून घ्यावा. जाड थरानें तेज वाढत नाहीं, पुसण्याचे श्रम मात्र वाढतात. आपल्या उन्हांत तें कांहीं आठवडे टिकतें. रासायनिक सीलंट अधिक टिकतात. मेण असलें म्हणजे पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात व पुढचें धुणें सोपें होतें, हाच त्याचा मोठा उपयोग.

गृहिणींस एक विनंति. भांडीं घांसण्याची पूड, चिंच, राख किंवा काथ्या गाडीच्या जवळ आणूं नये. भांड्याच्या साबणानें मेण निघून जातें. खोबरेल तेलानें घटकाभर चकाकी येते, पण त्यावर दुप्पट धूळ बसते. पक्ष्याची विष्ठा पडली तर ती उन्हांत लेपास खाते; ओलें फडकें पांच मिनिटें त्यावर ठेवून ती अलगद उचलावी, खरवडूं नये.

ह्या सर्वांचें तात्पर्य असें कीं, तेज बाहेरून आणून लावतां येत नाहीं. तें आरंभीं मिळालेलें असतें, आणि आपल्या हातीं केवळ तें न खरचटण्याची काळजी असते. धुणें हें उत्पन्नांतून होणारा खर्च आहे. पॉलिश हें मुदलांतून. ज्यास धुणें साधलें त्यास मुदलास हात लावण्याचे प्रसंग फार थोडे येतात.

पण हें धुणें आपल्यापैकीं किती जण स्वतः करतात? बहुतेकांच्या गाड्या पहांटे दुसराच कोणी पुसून जातो, आणि त्याचें नांवहि आपणांस ठाऊक नसतें. त्यास रोज कोरडी पुसण्यास सांगण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां नीट धुण्यास सांगावें. दोन बादल्या, एक मोजा व दोन स्वच्छ पंचे आपण द्यावे. धुणें कसें करावें तें एकदां शेजारीं उभें राहून दाखवावें. आणि वेतन तेंच ठेवावें. रंगकामाच्या एका देयकापुढें हा खर्च कांहींच नाहीं. इतकें करूनहि रेघ पडली तर मग जाब विचारण्याचा अधिकार आपला. हत्यार न देतां कसब मागणें, आणि तें मिळालें नाहीं म्हणून पगार कापणें, हें सुशिक्षित घरास शोभत नाहीं.