फिट कोण, अनफिट कोण?

गोदीत लागलो तेव्हा डॉक्टरने माझी छाती मोजली, पाठ वाकवून बघितली. बरोबरच आहे, गोण उचलायला मणका लागतो. पण परवा टपरीवर आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, पुढाऱ्यांनाही असंच तपासा. साठी झाली, साखर निघाली की घरी बसवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली.

दोस्तहो, 1951 साली बाबासाहेबांना कुठल्या डॉक्टरने पास केलं असतं? वय 60, अंगात मधुमेह, पायांच्या नसा दुखून झोप नाही. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी नेहरूंना कळवलं की डॉक्टरांच्या हवाली होण्याआधी हिंदू कोड बिल पार पडलं पाहिजे. बिल रखडवलं ते सभागृहातल्या ठणठणीत लोकांनी. सप्टेंबरात बाबासाहेबांनी राजीनामा फेकला.

मोरारजी 81व्या वर्षी, 1977 मध्ये पंतप्रधान झाले. त्यांचा पुळका मला नाही. जानेवारी 1956 मध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्रवाल्यांवर गोळ्या चालल्या तेव्हा मुख्यमंत्री तेच होते. पण तेव्हा त्यांची साठीही झाली नव्हती! आणीबाणी लादणाऱ्या इंदिराबाई 57 वर्षांच्या होत्या. म्हातारपणाला कशाला बोल लावता?

आणि ही तपासणी लागते कुणाला ते बघा. ओडिशात महारोग झाला म्हणून निवडून आलेल्या नगरसेवकाचं पद गेलं, 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. महारोग औषधाने बरा होतो हे तोवर जगजाहीर होतं. ओडिशाने ती अट काढली, पण पुढे. हरियाणात 2015 मध्ये सरपंचकीला शाळेचा दाखला आणि घरात संडास अशी अट आली, तीही कोर्टात टिकली. संडास नाही तो माणूस अनफिट! ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे संडास उपसले त्यांनाच हे ऐकवायचं. आमदार-खासदार व्हायला किमान वय 25. मत 18व्या वर्षी चालतं, उमेदवारी नाही. वर मात्र काठी नाही, नव्वदीतलाही खुर्चीत बसू शकतो. चाळण लावली की खाली आपलीच माणसं गळतात, च्यायला.

मग आपले जुने पुढारी डोक्यावर घ्यायचे का? मुळीच नाही. वीस वर्षं वस्तीत न फिरकलेल्याला हाकला, पण न फिरकल्याबद्दल हाकला. त्याच्या गुडघ्यांबद्दल नको.

उद्या आपल्या चाळीतली क्षयाने खोकणारी एखादी बाई उभी राहिली तर मी तिचा प्रचार करणार. बोलता बोलता तिला दम लागला तर माईक मी धरीन.