साठ दिवसांची मुदत

कामगार विमा न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला, की पिंपरी-चिंचवडच्या कामगाराच्या घरी पहिले पंधरवडे केवळ विवंचनेत जातात. कायदा मात्र त्यासाठी थांबत नाही. अपिलाची मुदत अवघी ६० दिवसांची. १९४८ च्या कायद्यात ती होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तीच ठेवली आहे. अपील उच्च न्यायालयातच करावयाचे. तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल तरच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास सर्किट बेंच बसू लागले; पण पुणे जिल्हा त्याच्या कक्षेत नाही. पुणेकरांस मुंबईचीच वाट धरावी लागते.

मुदत टळली म्हणजे हक्क बुडाला, असे समजून जे गप्प बसतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की १९६३ च्या मुदत कायद्याचे पाचवे कलम येथे लागू आहे. विलंबास पुरेसे कारण होते हे प्रतिज्ञापत्राने पटवून दिल्यास न्यायालय तो माफ करू शकते. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडावेत. केवळ ‘कायदा ठाऊक नव्हता’ यावर भिस्त ठेवू नये. निकालाची नक्कल तयार होण्यास लागलेले दिवस बाराव्या कलमाप्रमाणे वजा होतात. म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा.

१९८७ साली कातिजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विलंबाकडे उदारपणे पाहण्यास सांगितले. तो उशीर चार दिवसांचा, आणि तो झाला होता सरकारकडून! जी सवलत सरकारला मिळाली, ती यंत्रात हात गमावलेल्या कामगारास वा त्याच्या विधवेस नाकारण्यात कोणता न्याय? बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली अडारकर यांच्याकडे आरोग्य विम्याची योजना सोपविली गेली. त्यातूनच १९४८ चा कायदा उभा राहिला. त्याचा लाभ निव्वळ तारखेपायी बुडावा, हे आम्हांस मान्य नाही. प्रत्येक निकालपत्राखाली अपिलाची मुदत व ठिकाण मराठीत छापण्याचे बंधन असलेच पाहिजे.

राहिला वकिलाच्या फीचा प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये औद्योगिक कामगार, स्त्रिया व अनुसूचित जातींतील व्यक्ती यांना मोफत वकील मागता येतो. बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा १९९० साली केंद्रानेही मान्य केला; दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिल्याने हा हक्क जाईल, ही भीती निराधार आहे. अर्ज उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे करावा, आणि तोही ६० दिवस उलटण्यापूर्वी.