संगणकाचा जीर्णोद्धार

शिवाजी पार्कालगतच्या आमच्या गल्लींत सध्यां जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. घर पाडण्यापूर्वीं बिऱ्हाड बाहेर काढावें, हें कोणासहि शिकवावें लागत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र सुशिक्षित माणसेंहि हें विसरतात, आणि त्यांत प्रस्तुत लेखकहि मोडतो.

विंडोज १० या प्रणालीस नियमित सुधारणा पुरविणें मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें; तेव्हां नवी प्रणाली घालण्याचा प्रसंग पुष्कळ घरीं येणार. आमच्याकडे तो दिवाळीनंतर आला. यंत्र सुरूच होईना. दुरुस्तीस आलेले गृहस्थ म्हणाले, "फॉरमॅट मारावा लागेल." त्या यंत्रांत आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त होता. बारा वर्षें पत्रें पाठवून, वृद्ध आप्तांच्या तोंडून ऐकून टिपलेला! त्यांतील निम्मे आप्त आतां हयात नाहींत. दुसरी प्रत नव्हती.

नातू म्हणाला, "आजोबा, घाई करूं नका." त्यानें पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन आमचें यंत्र त्यावरून सुरू केलें. असें केलें म्हणजे हार्ड डिस्कवरील मूळ प्रणाली निजलेली राहते, आणि आंतले कागद बाहेर काढतां येतात. 'डॉक्युमेंट्स' व 'डेस्कटॉप' दोन्ही त्यानें बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलीं. डेस्कटॉपवरील फाइली डोळ्यांसमोर दिसतात म्हणून त्या सुरक्षित, अशी आमची समजूत होती. वस्तुतः त्याहि प्रणालीशेजारीं सी ड्राइव्हमध्येंच असतात.

मग सूनबाईंच्या लॅपटॉपवर ती प्रत उघडली, तों पूर्वजांच्या जागीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी! फाइल सुखरूप, पण वाचतां येईना. आमचें लेखन युनिकोडपूर्व फॉन्टांतलें. अशा फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराची आकृति बसविलेली असते. फॉन्ट नसला कीं मुखवटा गळतो. 'रीसेट' करतांना 'कीप माय फाइल्स' हा पर्याय निवडला, तरी फाइली तेवढ्या राहतात. मागाहून घातलेले प्रोग्रॅम जातात, तेव्हां आमचा मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅमहि गेलाच असता. नातवानें जुन्या डिस्कवरील 'विंडोज'मधलें 'फॉन्ट्स' हें दालनहि उतरविलें, लॅपटॉपवर तो फॉन्ट बसविला, आणि पणजोबा देवनागरींत प्रकटले. त्यानंतर आणखी एक प्रत काढविली, तीहि उघडून पाहिली, आणि मगच डिस्क पुसण्यास आम्हीं रुकार दिला.

आतां तो मजकूर युनिकोडांत आणणें चालू आहे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं नोंदलेली असते, युनिकोडांत नंतर. त्यामुळें रूपांतरांत ती पुष्कळदां शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रोज संध्याकाळीं सौ. जुनी प्रत मोठ्यानें वाचते, आम्ही नवी तपासतों. पांचव्या पिढीपर्यंत आलों आहों. त्या पिढींत चिरंजीवच फार, आणि प्रत्येकाची वेलांटी हातानें जागेवर आणावी लागते आहे.