पाळण्याची फणसाची दांडी

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. "पाळणा माळ्यावरून उतरवलाय. पुसून ठेवतो. कधी नेतेस?"

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे कर्जतला येणार हे कळल्यापासून माझ्या माहेरी, खालापूर तालुक्यातल्या घरी, दुसरा विषयच नव्हता. सागवानी पाळणा, चारही कोपऱ्यांना पितळी कड्या, वर टांगायला लाखेच्या रंगाचे राघू. आजोबा त्यात निजले, नाना निजले, आम्ही भावंडं निजलो, दादाची मुलं निजली. मी हौसेने लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, मस्तच! पण दांड्यांमधलं अंतर मोजून सांग ना."

खरं सांगते, रागच आला. एवढ्या मुलांना जोजवलेल्या पाळण्याची परीक्षा घ्यायची? तेही टेप लावून? "आमच्या वेळी कुणाला काय झालं?" हे वाक्य ओठांवर आलं होतं. पहिलटकरणीशी वाद नको म्हणून गिळलं. रविवारी पर्समध्ये टेप टाकला आणि खोपोली लोकल पकडली.

ओटीवर पाळणा ठेवला होता. मोजलं. सव्वातीन इंच, एकदोन ठिकाणी साडेतीन. अमेरिकेत बाळाच्या पलंगाच्या दांड्यांमध्ये जास्तीत जास्त सहा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अडीच इंच, अंतर चालतं. हा नियम तिथे १९७० च्या दशकातला आहे. कारण साधं आहे. तान्ह्या बाळाचं अंग लवचिक, ते पायांकडून दांड्यांमधून सरकतं. डोकं मात्र सरकत नाही.

हे मी दादाला वाचून दाखवत होते आणि वाचता वाचता थांबले. कारण पाळण्याच्या डाव्या बाजूची सातवी दांडी सागाची नाही, फणसाची आहे. पिवळसर, जरा जाड. ती का, हे आमच्या घरात प्रत्येकाला पाठ आहे. दादा आठदहा महिन्यांचा असताना दांड्यांमधून खाली सरकला आणि मानेशी अडकला. आजी परसातून आली म्हणून दिसलं. नानांनी करवतीने दांडी कापून त्याला सोडवला. प्रत्येक लग्नात ही गोष्ट निघते, "ह्याचं डोकं तेव्हापासूनच मोठं" म्हणून सगळे हसतात. दादाही हसतो.

त्या दिवशी नाही हसला. टेप हातात घेऊन बराच वेळ त्या दांडीकडे बघत बसला. आजी परसात आणखी पाच मिनिटं रेंगाळली असती तर? साठ वर्षं आम्ही ज्याला गंमत म्हणत होतो ती गंमत नव्हतीच.

आणि मग "आमच्या वेळी कुणाला काय झालं" ह्याचा हिशोबही आठवला. आईला आम्ही चौघं. पण ह्या पाळण्यात तिची सहा मुलं निजली. एक तापाने गेलं. एक रात्री निजलं ते सकाळी उठलंच नाही. का, ते कुणालाच कळलं नाही. पाळण्याला दोष देण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, आणि देणारही नाही. १९७१ साली आपल्या देशात हजारी १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात, ती मुख्यतः रोगांनी आणि कुपोषणाने. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. पण "काही झालं नाही" असं सांगायला उरतात ते ज्यांना काही झालं नाही तेच. बाकीचे कुठे येतात सांगायला?

मात्र लेकीचंही सगळं मी निमूट ऐकलं नाही हं. जुन्या बायका अडाणी होत्या म्हणून पाळणा टांगत, असं कुणी म्हणू नये. आमच्याकडचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. शेणाची जमीन ओलसर, विंचू, मुंग्या, आणि रात्री अंथरुणात शिरणारी मण्यार. जमिनीपासून दोन हात वर टांगलेला पाळणा हाच त्या काळचा सुरक्षेचा नियम होता! आजही कर्जतच्या वीटभट्ट्यांवर कातकरी बायका लुगड्याची झोळी बांधतात. झोळीत बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून डॉक्टर नको म्हणतात. ते बरोबरच आहे. पण खाली तापलेली माती असताना त्या आईने बाळ ठेवायचं कुठे, हेही कुणीतरी सांगायला हवं.

आपल्या घरात आता फरशी आहे, जाळ्या आहेत, सपाट कॉट आहे. मग आपल्याला सबब नाही. बाळ उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला काही नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाला पालथं निजवू नका असं सांगितलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथले झोपेतले अचानक मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एवढ्याशा गोष्टीने! मोहरीची उशी मी शिवून ठेवली होती, तीही कपाटात गेली. (हे मात्र जड गेलं. मोहरी निवडायला दोन दुपारी लागल्या होत्या.)

राहता राहिला रंग. नानांनी कधीतरी पाळण्याला हिरवा ऑइलपेंट दिलेला. वरच्या कठड्यावर बारीक बारीक खाचा आहेत, त्या आमच्या दातांच्या. त्या काळच्या रंगांत शिसं सर्रास असे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६ चा आहे. म्हणजे आम्ही काय काय चाटलं असेल देव जाणे. दादा म्हणाला, खरवडून टाकतो. मी नको म्हटलं, खरवडल्यावर उडणारी धूळ जास्त वाईट.

तर ठरलं असं. पाळणा कर्जतला येणार, पण बारशापुरता. कठड्याला जाड कापड गुंडाळायचं. आधी कुंची घातलेला वरवंटा, मग जागं बाळ, चार बायकांचे हात भोवती असताना, नाव ठेवून होईपर्यंत. निजायला कॉट. लेक म्हणाली, "एवढंच हवं होतं गं आई. पाळणा नको असं मी कुठे म्हटलं?" म्हटलं नव्हतं खरं. मीच ऐकलं होतं.

मध्ये एक फार्महाउसवाले पाळणा विकत मागायला आले होते, कुंड्या ठेवायला. दादाने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

परवा सुतार कड्या तपासायला आला. दोन कड्या झिजल्या होत्या, बदलल्या. जाताना म्हणाला, "ही एक दांडी रंगाला मिळत नाही. सागाची बसवून देऊ?"

दादा म्हणाला, "नको. ती राहू दे."