बदकाला सातबारा लागत नाही

मैत्रिणींनो, गोंदिया म्हणजे धान आणि तलाव, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण धान वेगळा आणि मासोळी वेगळी, अशी वाटणी आपण मनात करून टाकली आहे. खरं तर पाऊस लागला की बोडीतल्या मासोळ्या स्वतःहून बांधीत चढतात, आणि लहानपणी त्या धरायला आपण सगळ्याच धावलो आहोत. हेच नीट जुळवून त्यात बदकं सोडली, तर धान, मासोळी आणि अंडी एकाच पाण्यातून निघतात. चीनच्या ग्वेइचौ प्रांतातले डोंग लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. जपानमधल्या ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८८ पासून बदकांच्या भरवशावर, तणनाशक न वापरता धान पिकवला. आपल्याकडे कटकच्या भात संशोधन संस्थेनेही अशा शेतीचा नमुना उभा केला आहे.

नागऱ्यात बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा पहिला प्रश्न आला, “बदकं धान खाऊन टाकतीन ना जी ताई?” बरोबर आहे. रोवणीनंतर धानाने जीव धरला की, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं सोडायची. ती कोवळं तण, किडे, गोगलगायी खातात, पायांनी पाणी गढूळ करतात, त्यामुळे नवं तण सहसा उगवत नाही. विष्ठेचं खत होतं ते वेगळंच. धान निसवायला लागला की बदकं बाहेर काढायची, नाहीतर लोंब्या संपल्याच म्हणून समजा! मासोळ्यांसाठी बांधीच्या कडेला खोल चर हवा. त्यात मत्स्यजिरे नको, चांगली मोठी बोटुकली सोडा, नाहीतर बदकांचीच मेजवानी.

दुसरा प्रश्न कोपऱ्यात बसलेल्या एका बाईचा होता. “निंदण बदकं करतीन, त आमी का करू जी?” तिच्याकडे शेत नाही. रोवणी आणि निंदणावरच तिचं पावसाळ्यातलं घर चालतं. तणनाशकाने तिच्या कामावर आधीच घाला घातला आहे. आता उरलेलं बदकांनी खायचं?

माझं मत स्पष्ट आहे. बदकं तिचीच असावीत. बदकाला काही सातबारा लागत नाही! केरळ-तमिळनाडूत बदकं पाळणारे लोक कापणी झालेल्या शेतांतून कळप फिरवतात. जमीन दुसऱ्याची, बदकं त्यांची. तसंच इथे भूमिहीन बायकांच्या गटाने बदकं पाळावीत आणि शेतकऱ्याने निंदणाची मजुरी गटाला द्यावी. अंडीही गटाचीच. खाकी कॅम्पबेल जातीची मादी साधारण पाच महिन्यांची झाली की अंड्यावर येते आणि नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. ती बहुधा सकाळी नऊच्या आत घालते, म्हणून तोवर खुराड्यातच ठेवायची. लेकराच्या ताटात रोज एक अंडं पडलं तर तेही काही कमी नाही.

खरी अडचण फवारणीची. आपल्याकडे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. वरच्याने विष फवारलं की खालच्याची मासोळी मेलीच. त्यामुळे एकटी-दुकटीने यात पडू नये, एका बोडीखालच्या सगळ्या घरांनी मिळून ठरवावं. आणि फवारणी ठरवताना बाईला विचारतं कोण? दुकानदार सांगतो, घरधनी डबा घेऊन येतो, आपण पाणी भरून देतो. रोगाचीही भीती आहेच. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं ते आपण पाहिलं आहे, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना पहिल्यापासून सोबत घ्यायला हवं.

हे बायकांना जमणार नाही म्हणणाऱ्यांनी अर्जुनी मोरगाव तालुक्यात जाऊन यावं. तिथे ढिवर समाजाच्या बायकांनी तलावात उतरून बेशरमाची झुडपं उपटली, पाण्यातल्या देशी वनस्पती लावल्या, आणि देशी मासोळी परत आली. तलाव काही त्यांच्या नावावर नव्हते.

बांधीतला चर उन्हाळ्यातच खोदावा लागतो. त्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय आमच्या गटातल्या त्या बाईनेच मांडायचा, असं ठरलं आहे. मी तिच्या शेजारी बसणार आहे.