राहिलेला पेपर

२६ जून २०२२ ला बंगळुरूला रणजीच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने आपल्या मुंबईला हरवलं, तेव्हा दादरला आमच्या घरात सुतकच होतं! नातू म्हणाला, "आजोबा, पंडित सर आपले ना? मग असं का केलं?"

बरोबर केलं. चंद्रकांत पंडित आचरेकर सरांचे शिष्य. प्रशिक्षक म्हणून मुंबईला तीनदा रणजी मिळवून दिली. पण १९९९ साली त्याच मैदानावर ते मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. त्याच संघाकडे ते प्रशिक्षक होऊन परतले आणि तेवीस वर्षं राहिलेला पेपर मुलांकडून सोडवून घेतला.

मला शाळेत संस्कृतने रडवलं होतं. म्हणूनच पुढे वर्गातल्या कच्च्या मुलाची अडचण मला आधी कळायची. हरलेल्या जागी परत जाणाऱ्या मास्तराला मी तरी फितूर म्हणणार नाही.