एनर्जी नको, चहा द्या!

परवा नातीनं माझ्या तोंडाकडं पाहून निदान केलं, "आजोबा, आज तुमची एनर्जी लो आहे." मी काय ट्रान्झिस्टर आहे, सेल बदलायला? त्याच संध्याकाळी धाराशिवात एका व्याख्यात्यानं तासभर 'आंतरिक ऊर्जा' सांगितली. म्हणजे तीच एनर्जी, फक्त सोवळं नेसून आलेली! माझं आपलं स्पष्ट मत आहे : ऊर्जा आमच्या माळावरच्या पवनचक्कीला असावी. माणसापाशी दुसरं पुष्कळ असतं.

चहानं येते ती तरतरी. ताप उतरून वाटीभर वरण पोटात गेलं की वाटते ती हुशारी. पोराची पाठ थोपटली की चढतो तो हुरूप. वेळेवर पाऊस झाला की सोयाबीन असतं जोमात. पंचविशीतल्या गड्याच्या अंगात असते ती रग, आणि बायकोला 'भाजी खारट झालीय' हे सांगायला लागते ती धमक. (ही मला अजून आलेली नाही.) तुळजापुरात संबळ कडाडला की अंगात येते ती तर साक्षात देवी. तिला एनर्जी म्हणून पाहाच एकदा!

आमचे एक शुद्धिवादी स्नेही म्हणाले, "अहो, हुशारी, उमेद हे शब्द फारसीतले!" असेनात का! १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाचा. फारसी-उर्दू कचेरीत आली आणि हळूहळू चुलीपाशी येऊन बसली. घरच्या झालेल्या माणसाला आडनाव कोण विचारतो? माझा राग परक्या शब्दावर नाही. एकट्यानं दहा जणांची भाकरी खाणाऱ्या शब्दावर आहे.

कारण शब्द गेला की फरकही जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आमच्याच जिल्ह्यातल्या सास्तूरची घरं पडली. पुढं धान्य आलं, तंबू आले. वाचलेल्यांच्या हातापायांत ताकद होती. नव्हती ती उमेद. ज्यांना हे कळलं, ते काही न बोलता त्यांच्यापाशी नुसते बसून राहिले. 'एनर्जी लो आहे' एवढंच कळलं असतं, तर आम्ही ग्लुकोजचे पुडे वाटून परत आलो असतो.

हे सगळं मी नातीला ऐकवलं. ती मुकाट्यानं आत गेली आणि कप घेऊन आली. "घ्या आजोबा, तरतरी!"

तरतरी आली. आणि खोटं कशाला सांगू, थोडा हुरूपही.